उचला खुर्चीसकट

"हा घाल," लेले सर म्हणाले, आणि खाकी डगला माझ्या टेबलावर टाकला.

टाकला. हातात दिला नाही. टेबलावर मी पोरांची ड्रॉइंग शीट तपासायला पसरली होती, डगला त्यांच्यावर पडला. कॉलरला तेलाचा काळा पट्टा. डगला ओळखीचा होता. आमच्या वर्कशॉपचा शिपाई हिराजी रोज घालायचा तो.

"कशाला?" मी विचारलं.

"कमिटी येतेय ना. आज तू लॅब अटेंडंट."

लेले सर आमचे विभागप्रमुख. मेकॅनिकल इंजिनीअरिंग. स्टाफरूममधल्या सगळ्यांना ते अहो-जाहो करत, गेल्याच महिन्यात लागलेल्या पोरगेल्या लेक्चररलासुद्धा. मला तू. पहिल्या दिवसापासून तू. त्या सकाळी खोलीत पाच-सहा जण होते. कुणी वर बघितलं नाही. एकाने पेपरचं पान उलटलं, तेवढाच आवाज.

दारात एक गृहस्थ उभे होते. टाय, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात कातडी बॅग. लेले सरांनी त्यांना आत घेतलं. "या डॉक्टर, या. ही तुमची खुर्ची."

ती माझी खुर्ची होती.

मी उठलो. डॉक्टर बसले. माझ्या शीट आणि त्यांच्यावरचा डगला त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे जरा उचला. आणि पाणी मिळेल का?"

त्या खुर्चीवरचा विषय मी शिकवत होतो. थिअरी ऑफ मशिन्स. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला, वर मशीन ड्रॉइंग, वर वर्कशॉपचे तास. तो डॉक्टर डोंबिवलीच्या एका कंपनीतून रिटायर झालेला. आमच्या कॉलेजात तो पहिल्यांदा आला होता. संडास कुठे आहे हेसुद्धा त्याला विचारावं लागलं. मलाच विचारलं.

मी डगला घातला.

आत नवा शर्ट होता. उल्हासनगरच्या कॅम्पात खास शिवून घेतलेला, पांढरा, बारीक निळ्या रेघांचा. कमिटीसाठी शिवलेला. खाकीची बटणं लावली तसा तो शर्ट दिसेनासा झाला.

शर्ट का शिवला होता ते सांगतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. इकडे खासगी इंजिनीअरिंग कॉलेजं नुकतीच निघत होती. आमचं कॉलेज अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये, डोंगराच्या कुशीत. पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप, एक दुमजली इमारत, समोर अण्णासाहेबांचा मोठा फोटो. अण्णासाहेब संस्थेचे चेअरमन. जमीन त्यांची, बस त्यांची, कँटीन त्यांच्या मेव्हण्याचं.

माझा बाप अंबरनाथला सरकारी कारखान्यात खलाशी होता. मुरबाडकडच्या गावाबाहेरच्या वस्तीतून आलेला. ओझी वाहायचा. जन्मभर खाकी घातली त्याने. माझ्या आईचे हात खाकी घासून घासून सोललेले. मी डिप्लोमा केला, उल्हासनगरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिलो, आणि संध्याकाळचं कॉलेज करून डिग्री घेतली. या कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा बाप म्हणाला होता, "चला. घरातली खाकी संपली."

पण मला कायम केलं नव्हतं. जागा होती. आमच्यासारख्यांसाठी राखीव असलेली लेक्चररची जागा. ती दर वर्षी 'योग्य उमेदवार मिळाला नाही' म्हणून रिकामी दाखवायची आणि शिकवायला मला तासांवर ठेवायचं. काही वर्षं रिकामी दाखवली की ती खुली करून घेता येते, असं लेले सर एकदा बोलून गेले होते. अण्णासाहेबांचा भाचा पुण्यात शिकत होता. तेवढं सांगितलं तरी पुरे.

मी अण्णासाहेबांच्या बंगल्यावर गेलो होतो. ते झोपाळ्यावर, मी उभा.

"अरे, तुमच्या लोकांना संधी द्यायची म्हणूनच तर तुला घेतला. घाई कसली?"

"साहेब, विद्यापीठाचं अप्रूव्हल पाहिजे."

"ते माझ्या हातात आहे का? कमिटीच्या हातात असतं. कमिटी येईल, मास्तरांचा दर्जा बघेल, मग ठरेल."

मी हे खरं मानलं. कमिटी विद्यापीठाची. विभागात शिकवणारे कोण आहेत, त्यांची लायकी काय, ते कसं शिकवतात हे बघायला येणार. मी म्हटलं, बघा. वर्गात बसा माझ्या. फळ्यापाशी उभं करा. माझी दुसरी काही मागणी नाही. म्हणून शर्ट शिवला.

आता दुसरी गोष्ट. कमिटी यायची म्हटलं की आमच्याकडे मशीन भाड्याने यायची. आमच्याकडेच नाही, इकडच्या बऱ्याच ठिकाणी ही रीत होती. लॅबमध्ये जेवढ्या मशीन असायला हव्यात तेवढ्या नसायच्या. मग उल्हासनगरच्या वर्कशॉपमधून लेथ, ड्रिलिंग मशीन, शेपर एका दिवसासाठी आणायचे. टेम्पोतून यायचे, रोलरवरून शेडमध्ये सरकवायचे, बोल्ट नुसते भोकात ठेवायचे. मशीनवर वर्कशॉपच्या नावाची पितळी पाटी असते, तिच्यावर हिरवा रंग मारायचा. कमिटी गेली की रॉकेलने पुसून मशीन परत.

हे काम माझ्याकडे होतं. भाव करण्यात माझा हात धरणारा कॉलेजात कुणी नव्हता. ते मी परसराम सेठकडे शिकलो. कॅम्प एकला त्यांचा कारखाना. मी लेथवर होतो तो त्यांच्याचकडे. सिंधी माणूस, फाळणीत रिकाम्या हाताने आलेला. दारात भांडायला आलेल्यालाही आधी पापड आणि पाणी द्यायचा. "साईं, बैठो. पापड खाओ, पानी पियो, फिर झगड़ा करना."

सेठने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिला आकडा आपण बोलायचा नाही. आणि समोरच्याची गरज किती तातडीची आहे ते आधी बघायचं. ज्याला आत्ता, या घटकेला पाहिजे, त्याच्याकडून काहीही घेता येतं.

त्या वर्षीही मी गेलो होतो. सेठ हसत म्हणाले, "मशीन तो मेरा असली है. कालेज का तू बता."

"कॉलेज भी असली है, सेठ."

"और मास्टर लोग?"

मीही हसलो होतो. माणसंही येतात हे मला माहीत होतं. कमिटीच्या दिवशी दोन-चार अनोळखी कोट स्टाफरूममध्ये दिसायचे, जेवण झालं की निघून जायचे. लोक लग्नाच्या वरातीत भाड्याचा घोडा आणतात तसे. पण ते दुसऱ्यांच्या खुर्च्यांवर बसायचे. माझी खुर्ची तोवर कुणी मागितली नव्हती.

तर मी डगला घातला आणि शेडमध्ये गेलो. का घातला? शिरगावला भाड्याची खोली होती. बायको होती, लहान मुलगी होती, आईबाप म्हातारे होते. म्हणून घातला. दुसरं कारण नाही.

कॉरिडॉरमध्ये तिसऱ्या वर्षाची पोरं होती. एक जण ओरडला, "सर, आज फॅन्सी ड्रेस आहे का?" बाकीचे हसले. मी खाली बघून चालत राहिलो, तसे त्यांच्यातले दोघं-तिघं एकदम गप्प झाले. ते गप्प होणं जास्त लागलं. त्यांना कळलं होतं.

हिराजी शेडच्या तोंडाशी बनियनवर उभा. त्याचा डगला माझ्या अंगावर होता ना. बारवी धरणाकडच्या पाड्यातला माणूस, माझ्या बापाच्या वयाचा. मला बघून त्याने मान खाली घातली. "सर, मला बोलले, काढून दे. मला काय म्हाईत, कुनासाठी."

कमिटी आली. तिघं जण. मुख्य माणूस राखाडी सफारीतला, ठेंगणा, हसतमुख. मागे अण्णासाहेब, लेले सर, आणि ट्रेमध्ये शहाळी घेतलेला कँटीनवाला. मी लेथच्या बाजूला उभा. लेले सर सांगत होते, हे मशीन अमुक, ते मशीन तमुक. सफारीवाल्याने सहज हात पुढे केला आणि लेथच्या पाटीवर ठेवला.

रंग वाळला नव्हता.

सगळा तळवा हिरवा झाला. लेले सरांचं तोंड अर्धवट उघडं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. म्हटलं, आता सापडले. आता हा विचारील, जुन्या मशीनला नवा रंग कशाला? नखाने खरवडील. खाली नाव निघेल. मग पुढचं सगळं निघेल, मशीनचं, माणसांचं, माझं.

सफारीवाल्याने तळहाताकडे बघितलं. मग अण्णासाहेबांकडे. मग म्हणाला, "रंग ताजा आहे. देखभाल चांगली दिसते."

सगळे हसले. लेले सर सगळ्यात जास्त वेळ हसले.

"ए, रॉकेल आण," लेले सर मला म्हणाले.

मी रॉकेलचा डबा आणि चिंधी आणली. सफारीवाल्याने हात पुढे केला. माझ्याकडे बघितलं नाही. न्हाव्यापुढे मान करतात तसा त्याने हात पुढे केला, आणि डोकं वळवून अण्णासाहेबांशी बोलत राहिला. शहाळं गोड आहे, कुठून आणलं, असं काहीतरी. मी त्याची बोटं एकेक करून पुसली. अंगठीच्या खाचेतला रंग निघत नव्हता. "जरा नीट," तो म्हणाला.

तिथे मला कळलं.

इतकी वर्षं मी समजत होतो की कमिटीला फसवलं जातं. फसवलं जातंय म्हणजे कुठेतरी एक खरा माणूस आहे, ज्याला माहीत नाही, आणि ज्याला कळलं की तो चिडेल, न्याय करील. मी त्या माणसाची वाट बघत होतो. तो माणूस माझ्यासमोर होता आणि मी त्याचा हात पुसत होतो. त्याला सगळं माहीत होतं. ही फसवणूक नव्हतीच. हा सौदा होता. कॉलेज देतं, कमिटी घेते, डॉक्टर बसतो, मशीन उभं राहतं. सगळ्यांचा भाव ठरलेला. सौद्यातलं मला कळत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. पण या सौद्यात मी भाव करणारा नव्हतो. मी लेथसारखा होतो. सरकवलेला. वरून रंग मारलेला.

चिंधी मी तिथेच टाकली आणि त्यांच्या मागोमाग वर गेलो. कुणी बोलावलं नव्हतं.

स्टाफरूममध्ये शिक्षकांची तपासणी. प्रत्येकाच्या टेबलावर पुठ्ठ्यावर नाव लिहून ठेवलेलं. सफारीवाला एकेकापुढे थांबायचा. डिग्री कुठली, किती वर्षं शिकवता, बरं, छान. एकालाही खडू हातात घ्यायला सांगितलं नाही. एकाही वर्गाकडे पाऊल वळलं नाही. शिक्षकांचा दर्जा बघणं म्हणतात ते हे. पुठ्ठा आणि माणूस, दोन्ही जागेवर आहेत ना, एवढंच.

मग तो माझ्या टेबलापाशी आला.

"थिअरी ऑफ मशिन्स डॉक्टर शिकवतात," लेले सर म्हणाले. "पोरं फार खूष आहेत."

डॉक्टर हात मिळवायला उठला. टेबलाच्या बाजूने दोन पावलं पुढे आला. खुर्ची रिकामी झाली.

मी डगल्याची बटणं काढली. डगला जमिनीवर टाकला. आणि जाऊन खुर्चीवर बसलो.

एवढंच केलं. ओरडलो नाही. माझ्या तापट डोक्याला लोक घाबरत, पण तेव्हा आवाज चढला नाही माझा.

"हा विषय मी शिकवतो," मी म्हणालो. "विचारायचं ते मला विचारा."

"ऊठ," लेले सर म्हणाले.

"नाही."

"अरे, ऊठ म्हणतो ना!"

"मी उठणार नाही."

डॉक्टर मध्येच उभा. बसायला जागा नाही, जायला वाट नाही. त्याने बॅग छातीशी धरली. सफारीवाला खिडकीतून डोंगराकडे बघायला लागला.

मग अण्णासाहेब आले. वाकले. इतकी वर्षं मी त्यांच्यापुढे वाकत होतो, ते माझ्याकडे वाकलेले पहिल्यांदा बघितले. तोंडाला पानाचा वास. माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "पोरा, आत्ता ऊठ. संध्याकाळी ऑर्डर देतो तुला. कायमची. माझा शब्द."

खरं सांगतो, माझं डोकं भाव करायला लागलं. सवय होती. सेठची शिकवण आठवली. ज्याला आत्ता पाहिजे त्याच्याकडून काहीही घेता येतं. आणि अण्णासाहेबांना आत्ता, या घटकेला, ती खुर्ची पाहिजे होती. आयुष्यात पुन्हा इतका चढा भाव मला येणार नव्हता. ऑर्डर मागता आली असती, आत्ता लिहून, सहीशिक्क्यासह, चार लोकांदेखत. मी गप्प बसलो होतो ते मोठेपणाने नाही. आकडा मोठा व्हायची वाट बघत होतो.

"क्वार्टरही देतो," अण्णासाहेब म्हणाले. "ऊठ रे. डगला घाल आणि खाली जा. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

डगला घाल.

तिथे सौदा मोडला. त्यांना खुर्ची नुसती रिकामी नको होती. मी डगला घालून, त्या पोरांसमोरून, खाली जायला पाहिजे होतो. त्या अटीवर मिळालेली ऑर्डर मी घेतली असती, तर दर कमिटीला तो डगला माझ्या टेबलावर पडला असता. कायमचा मास्तर आणि कायमचा डगला.

"साहेब," मी मोठ्याने म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "भाव सांगू नका. मी विकायला बसलेलो नाही."

अण्णासाहेब सरळ झाले. त्यांचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला. दारातल्या दोघा शिपायांकडे बघून म्हणाले, "हिराजी, बाळू. उचला याला."

हिराजी पुढे आला नाही.

"ऐकू येत नाही? उठत नसेल तर उचला खुर्चीसकट!"

दोघांनी खुर्ची धरली. हिराजी माझ्या कानाशी म्हणाला, "उठा ना वो सर. माजा नाविलाज हाय." मी खुर्चीचे हात घट्ट धरले. त्यांनी मला उचललं. दारातून काढताना खुर्ची तिरकी झाली, माझा खांदा चौकटीला घासला, नवा शर्ट बाहीवर फाटला. कॉरिडॉरभर पोरं उभी. पोरांचा मास्तर खुर्चीवर बसून हवेतून चाललेला. गणपती नेतात तसा. कुणी हसलं नाही. जिन्याजवळ त्यांनी मला ठेवलं.

मी उठलो नाही. तिथेच बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने कमिटी जेवायला निघाली. वाट माझ्यावरूनच होती. कँटीनमधून श्रीखंड-पुरीचा वास येत होता. सगळे अंग चोरून माझ्या बाजूने गेले. सफारीवाला क्षणभर थांबला. त्याच्या अंगठीच्या खाचेत अजून हिरवा रंग होता.

"असं करू नये," तो म्हणाला. "पुढच्या वेळी योग्य मार्गाने अर्ज करा."

आणि जेवायला गेला.

विभागाचा शेरा चांगला आला. शिक्षकवर्ग अनुभवी आणि समाधानकारक. हे मला नंतर एका लेक्चररने सांगितलं, बदलापूर स्टेशनबाहेर, इकडेतिकडे बघत. मला त्याच दिवशी संध्याकाळी काढलं होतं.

घरी बापाला सांगितलं. मला वाटलं पाठीवर हात ठेवील. तो खाटेवर बसून ऐकत होता. म्हणाला, "एक दिवस घातला असतास तर काय झालं असतं? मी जन्मभर घातला." आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्याला माझं कधीच पटलं नाही. मरेपर्यंत नाही.

पुढचं थोडक्यात. परसराम सेठने एक जुना लेथ मला दिला, हप्त्यावर. अंबरनाथच्या एमआयडीसीत एक गाळा घेतला. नाल्याला रोज वेगळा रंग आणि हवेला रोज वेगळा वास, अशी जागा. तिथे धंदा वाढवला. आता गाळे दोन आहेत, माणसं आहेत, लोक मला शेठ म्हणतात. भाव करायला बसलो की समोरचा पाणी मागतो. फळ्यापुढे मात्र पुन्हा उभा राहिलो नाही. ते त्यांनी घेतलं ते घेतलंच.

नव्वदचं दशकही आता सरत आलंय. अण्णासाहेब गेले. गेल्या आठवड्यात त्यांचा मुलगा माझ्या गाळ्यावर आला. धाकटे साहेब. गाडीतून उतरताना नाकाला रुमाल.

"ओळखलंत का?" हसत म्हणाला. मला अहो.

"बसा."

"पुढच्या बुधवारी कमिटी आहे. दोन सीएनसी मशीन लागतील, एक दिवसासाठी. आणि..." तो जरा पुढे सरकला. "तुम्हीही या. इंडस्ट्रीतले माणूस आहात, डिग्री आहे. स्टाफमध्ये दाखवू. थिअरी ऑफ मशिन्स. नुसतं बसायचं."

त्याला काहीच माहीत नव्हतं. कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. त्यांच्या घरात ती गोष्ट सांगण्याइतकीही मोठी नव्हती.

"आता कोण शिकवतं तो विषय?" मी विचारलं.

"एक मुलगी आहे. वांगणीकडची. हुशार आहे तशी, पण रिझर्व्ह जागेवरची, अप्रूव्हल व्हायचंय. कमिटीला कसं, जरा वजनदार माणूस लागतो."

"बुधवारी ती कुठे असेल?"

"लायब्ररीत बसवू. पुस्तकांना नंबर लावील." तो हसला. "आपण तर सगळं जाणताच."

"मशीन मिळणार नाहीत," मी म्हणालो. "मी येतो."

"मानधनाचं कसं?"

"काही नको."

तो दचकला. "तुम्ही? भाव न करता? तुमची तर ख्याती आहे, शेठ."

"भाव न करता," मी म्हणालो.

मग मी वांगणीला गेलो. त्या मुलीचं, सुनंदाचं, घर स्टेशनपासून लांब, भाताच्या खाचरांच्या पलीकडे. बाप जंगलखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर. ती ओट्यावर पेपर तपासत होती. मी माझी गोष्ट सांगितली, सगळी, रॉकेलच्या चिंधीपर्यंत. ती ऐकत होती, हातातलं लाल पेन तसंच.

"म्हणजे मी काय करू, सर?" ती म्हणाली. "खुर्चीवर बसू? मग मला उचलून बाहेर ठेवतील."

"ठेवतील."

"नोकरी जाईल."

"जाईल. माझी गेली."

"तुमचा गाळा आहे. माझ्याकडे काय आहे?"

मी म्हणालो, "गेली तर माझ्याकडे ये. मी देतो नोकरी. इथल्यापेक्षा बरी."

तिने पेनाचं टोपण लावलं. माझ्याकडे सरळ बघितलं. "सर, तुम्हीपण भाव सांगताय."

या इलाख्यात मला असं गप्प करणारा माणूस मी बघितला नव्हता.

"बसायचं की नाही ते मी ठरवीन," ती म्हणाली. "कुणाच्या नोकरीवर नाही ठरवणार. तुम्ही चहा घ्या."

चहा घेतला. तिने शेवटपर्यंत हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

काल हिराजी गाळ्यावर आला होता. आता रिटायर. काठी टेकत येतो. बुधवारचं मी त्याला आधीच सांगितलं होतं. त्याचा मुलगा त्याच कॉलेजात शिपाई लागलाय. "त्याला सांगितलंय, बाकीच्या शिपायांनापन," हिराजी म्हणाला. "मी एकदा उचलला मास्तर, अजून हात दुखतान. तू हात लावशील तर घरात घेनार नाय."

उद्या बुधवार.

मी जाणार आहे. तोच शर्ट घालून. बाहीचा फाटका भाग मी कधी शिवून घेतला नाही. ते मला आत घेतील, डॉक्टरला घेतलं तसं, या शेठ, ही तुमची खुर्ची म्हणतील. मी तिच्यावर बसणार नाही. तिच्या मागे उभा राहीन आणि पाठ दोन्ही हातांनी धरीन. सुनंदा आली तर ती बसेल. नाही आली तर खुर्ची रिकामी राहील, आणि कमिटीने विचारलं तर कुणाची ते मी सांगेन. भाड्याचा माणूस तिच्यावर बसणार नाही.

या वेळी उचलायला शिपाई मिळणार नाही. उचलायची असेल तर धाकट्या साहेबांना स्वतः वाकावं लागेल.

वाकू देत. मी हात सोडणार नाही.